व्हॉयल वेनची हिरवी बाजू

इंग्लंडच्या हद्दीलगतचा व्हॉयल वेन हा डोंगर दोन दगडांचा आहे, आणि ते समजायला शाळेत जावं लागत नाही. वरचं, उत्तरेकडचं अंग तांबड्या वाळूच्या दगडाचं. त्यावर काळी, पाणी धरून बसणारी माती आणि राठ गवत. मेंढी दिवसभर चरली तरी तिचं पोट म्हणावं तसं भरत नाही. खालचं, दक्षिणेकडचं अंग चुनखडीचं. तिथे माती टीचभर, पण गवत आखूड, गोड आणि भर हिवाळ्यातही हिरवं. वर पाणी आहे तर चारा नाही, खाली चारा आहे तर पाणी नाही, कारण चुनखडी पाणी पिऊन टाकते. तांबड्या बाजूने उतरणारा ओढा हे दोन दगड जिथे भेटतात तिथे एका खड्ड्यात शिरतो आणि दिसेनासा होतो. त्या खड्ड्याला आसपासचे सगळे लोक घसा म्हणतात. डोंगराच्या अगदी पायथ्याशी, खालच्या घराच्या अंगणात, एक झरा आहे. ते तेच पाणी, असं म्हातारे सांगत.

गोमर प्रॉसर हिंडता-फिरता होता तोवर या दोन अंगांचं मिळून एकच शेत होतं. कळप मात्र दोन होते, एक हिरव्या बाजूचा आणि एक तांबड्या बाजूचा. कुठल्याही मेंढीला तिची जागा दाखवावी लागत नसे. कोकरू आईच्या मागे फिरत फिरत आपला डोंगर शिकतं, आणि मग ती मेंढी मरेपर्यंत तेवढ्याच तुकड्यावर राहते, कुंपण असो वा नसो. शरद लागला की गोमर तांबड्या मेंढ्यांना कुत्र्यांच्या पहाऱ्यात खाली हिरव्या गवतावर आणायचा, त्यांच्या अंगात जरा बळ भरू द्यायचा आणि फळवायला मेंढे सोडून झाले की परत वर धाडायचा. हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कुणी कधी विचार केला नव्हता.

गोमरला मुलं दोन. थोरला मायरिग लग्नानंतर वरच्या घरात राहायला गेला, बायको काइनवेनबरोबर. धाकटी हेविना खोऱ्यातल्या एका खाणकामगाराशी लग्न करून गेली. तिच्या नवऱ्याच्या फुप्फुसात कोळशाची धूळ बसली आणि चाळिशीही न गाठता तो गेला. मूलबाळ नव्हतं. त्याच सुमारास गोमरला अर्धांगाचा झटका आला. हेविना एक ट्रंक घेऊन खालच्या घरी परतली आणि पुढची तीन वर्षं तिनं बापाचं सगळं केलं. त्याला भरवलं, धुतलं-पुसलं, आणि शिवाय मेंढ्याही सांभाळल्या. मायरिग रविवारी चॅपलमधली प्रार्थना सुटल्यावर येऊन बसायचा. त्याचं मन वाईट नव्हतं. पण वडिलांचं वाकडं झालेलं तोंड त्याला पाहवत नसे, मग तो हवेपाण्याचं बोलून लवकर उठायचा.

मरणाआधी म्हाताऱ्यानं वाटणी केली. खालचं घर आणि हिरवी बाजू हेविनाला, वरचं घर आणि तांबडी बाजू मायरिगला. त्याचा विचार साधा होता. एकाकडे चारा, एकाकडे पाणी, दोघांचं एकमेकांवाचून चालायचं नाही, म्हणजे दोघं धरून राहतील. पण हे त्यानं मायरिगला कधी तोंडानं सांगितलं नाही, आणि झटक्यानंतर त्याचं बोलणं हेविनाशिवाय कुणाला कळतही नव्हतं.

मायरिगला एवढंच दिसलं की थोरला मुलगा तो, आणि चांगलं गवत मात्र बहिणीकडे गेलं.

दफन झाल्यावर चॅपलच्या मागच्या खोलीत चहापाणी होतं. हेविना किटली घेऊन फिरत होती. ती भावाच्या कपात चहा ओतायला वाकली तेव्हा तो म्हणाला, "तीन वर्षं बाबांना भरवलंस. मजुरी बरी मिळाली."

आवाज चढवून म्हणाला नव्हता, पण शेजारच्या दोघाचौघांनी ऐकलं. हेविनानं त्याचा कप भरला, पुढच्याचा भरला, टेबलाच्या टोकापर्यंत सगळ्यांचे कप भरले आणि आत जाऊन बश्या धुवायला लागली. तिनं उत्तर दिलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

त्याच वर्षी वसंतात मायरिगनं कुंपण घातलं. कुठून न्यायचं हे ठरवायला त्याला दोरी लागली नाही. गवताचा रंग जिथे बदलतो तिथून तो खांब ठोकत गेला. घसा त्याच्या बाजूला राहिला, तारेपासून चार-पाच पावलांवर.

चार वर्षं दोघांमध्ये अबोला होता. चॅपलमध्ये हेविना डावीकडच्या बाकावर बसायची, मायरिग उजवीकडच्या. प्रार्थनागीतं म्हणताना दोघांचे आवाज एकमेकांना ऐकू येत तेवढंच. वरच्या घराची पडती बाजू मात्र लवकर दिसायला लागली. शरदातलं गोड गवत बंद झाल्यावर तांबड्या मेंढ्या झडल्या. डोळ्यांतून पाणी, लोकर विस्कटलेली, कोकरं उभी राहायलाच वेळ घेणारी. गुरांचा डॉक्टर म्हणाला की या मातीत जे मेंढीला लागतं ते नाही, तुझ्या वडिलांच्या वेळी यांना ते खालून मिळत होतं. त्यानं औषध दिलं. मायरिगनं ते पाजलं, पण कुंपणाचं फाटक काही उघडलं नाही. वरून तो हेविनाच्या मेंढ्या पाहायचा. हिरवळीवर पांढऱ्याशुभ्र, खडूच्या गोळ्यांसारख्या. त्या कळपाच्या आजीपणजीला त्यानं स्वतः दूध पाजलं होतं, बाटलीनं, स्वैपाकघरातल्या शेगडीजवळ.

मग शहात्तर सालचा उन्हाळा आला. त्या सालाबद्दल अजून बोलतात. मे महिन्यात पाऊस थांबला तो थांबलाच. जूनमध्ये काळी माती फुटली आणि तिच्या भेगांत हात जायला लागला. डोंगरावर पाय टाकला की पचपच होण्याऐवजी कुरकुर आवाज यायचा. ओढा आटत आटत मनगटाएवढा राहिला.

जुलैच्या सुरुवातीला मायरिगनं घशाच्या वरच्या अंगाला दगड रचले, मधल्या फटी ओल्या मातीच्या ढेकळांनी बुजवल्या आणि ओढा अडवला. त्यामागे काही वाईट हेतू नव्हता. त्याच्या मेंढ्यांना प्यायला पाणी साठायला हवं होतं, आणि जे पाणी जमिनीत जाऊन फुकट जातंय ते धरलं तर कुणाचं काय बिघडणार. असं तो काइनवेनला म्हणाला.

काइनवेन पाव कापत होती. ती म्हणाली, "फुकट जातंय म्हणे. हेविनाच्या झऱ्याला कुठून येतं मग?"

"कुणी पाहिलंय जमिनीखाली जाऊन?"

"तूच सांगितलं होतंस. तुझ्या बाबांनी घशात ओटचा कोंडा टाकला होता आणि तो खाली झऱ्याच्या दगडी डोणीत वर आला होता."

"बाबा आम्हाला काहीही सांगायचे. हेविना झऱ्यापाशी वाट बघत बसली होती, तिला खूश करायला त्यांनीच टाकला असेल मूठभर."

काइनवेननं कापलेला पाव ताटात ठेवला. पण मायरिगला तो दिवस चांगला आठवत होता. हेविना सहा-सात वर्षांची, ओंजळीत ओला कोंडा धरून डोंगर चढत त्याला दाखवायला आली होती, आणि तिची ओंजळ वर पोचेपर्यंत रिकामी झाली होती.

वॉटकिन नावाचा त्यांचा एक शेजारी होता. त्याची मालमोटार होती आणि खोऱ्यातल्या सगळ्यांची जनावरं तोच बाजाराला न्यायचा. जुलैच्या शेवटी तो वरच्या घरी आला आणि अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला की हेविनाचा झरा बंद पडलाय. ती ट्रॅक्टरवर दुधाच्या कॅन लादून नदीवरून पाणी आणते, दिवसातून किती खेपा करते कोण जाणे, आणि शेवटची खेप येईपर्यंत पहिलीचं पाणी संपलेलं असतं. हात बघायला हवेत तिचे.

"सगळीकडेच दुष्काळ आहे," मायरिग म्हणाला.

"आहे खरा," वॉटकिन म्हणाला, आणि ओढ्याच्या दिशेनं एकदा बघून त्यानं टोपी डोक्यावर ठेवली.

त्या दिवशी जेवताना काइनवेननं विषय काढला. बांध फोड, निदान अर्धा फोड. आपल्या मेंढ्यांना अर्धं पुरेल. मायरिग बराच वेळ बटाटे चिवडत बसला. मग म्हणाला की तो काही राक्षस नाही. हेविनानं एकदा यावं आणि मागावं. एक शब्द बोलावा, तो त्याच घटकेला फोडेल. चार वर्षांत ती एकदाही या बाजूला फिरकलेली नाही. थोरला भाऊ आहे तो.

"आणि तू जे बोललास ते?" काइनवेननं विचारलं.

"ते मी रागात बोललो. तिला कळायला नको?"

ती आली. ऑगस्टचा पहिला आठवडा होता, ऊन उतरणीला लागलं होतं. मायरिग बांधापाशी ढेकळं लावत होता. कुत्रा गुरगुरला नाही, नुसती शेपटी हलवायला लागला, म्हणून त्यानं मान वर केली. तारेपलीकडे हेविना उभी होती. चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. अंगावर नवऱ्याचा जुना सदरा, बाह्या दुमडलेल्या, दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली. ती बारीक झाली होती. तिनं आधी पाण्याकडे पाहिलं. अडवलेलं पाणी मोठं नव्हतं, एखाद्या खोलीएवढं डबकं, पण त्या सालात तेवढं पाणी डोळ्यात भरत होतं. मग तिनं कोरड्या घशाकडे पाहिलं. मग भावाकडे.

मायरिग वाट बघत होता. त्याच्या हातात फावडं होतं. तिनं नुसतं माझं नाव घेतलं तरी पुरे, असं त्याच्या मनात आलं. तो ते शब्दही जुळवत होता, की अगं, आधी यायचं होतंस.

हेविना म्हणाली, "टोस म्हातारा झाला."

टोस म्हणजे कुत्रा. तो तारेखालून नाक घालून तिचे बूट हुंगत होता.

"झाला," मायरिग म्हणाला. "बारा वर्षांचा आहे."

तिनं वाकून फडकं बांधलेल्या हातानं कुत्र्याचं डोकं थोपटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मायरिग म्हणाला की ढग येतील असं वाटत नाही. तीही म्हणाली, नाही वाटत. आणि मग ती वळली आणि पांढऱ्या दगडांमधून खाली उतरायला लागली. तो बघत राहिला. ती उताराला दिसेनाशी होईपर्यंत हाक मारायला वेळ होता. त्यानं हाक मारली नाही. ती पाणी मागायला आली असती तर बोलली असती, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि उरलेली ढेकळं लावून टाकली.

घरी त्यानं काइनवेनला हे सांगितलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी पेट्रोल भरायला म्हणून तो खाली गावात गेला. तिथे वॉटकिन मालमोटार धूत होता. आतून मेंढ्यांचा वास येत होता. मायरिगनं सहज विचारलं की कुणाच्या नेल्या.

"हेविनाच्या," वॉटकिन म्हणाला.

"किती?"

"किती म्हणजे? सगळ्या. गुरुवारी दिवसभर खेपा चालल्या होत्या."

मायरिगला क्षणभर नीट ऐकू आलं नाहीसं वाटलं. त्यानं विचारलं, मला का सांगितलं नाहीस. वॉटकिननं बादली खाली ठेवली.

"तुला सांगायला मी कोण, मायरिग? भाऊ तू तिचा."

तो तसाच बाजाराच्या गावी गेला. तिथल्या माणसानं सांगितलं की तरण्या मेंढ्या हद्दीपलीकडे इंग्लंडातल्या सपाट कुरणांवर गेल्या, तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे. म्हाताऱ्या मेंढ्या आणि कोकरं खाटकाकडे. त्या साली सगळेच विकत होते, भाव मातीमोल होता. मायरिगनं त्या तिघांची नावं विचारली. माणूस म्हणाला, विचारून काय करणार, गाड्या केव्हाच गेल्या.

संध्याकाळी तो बांधावर गेला आणि त्यानं तो फोडला. आधी फावड्यानं, मग हातांनी. पाणी घाईघाईनं घशात शिरलं आणि आत खोल कुठेतरी घुमलं. दोन दिवसांनी तो कुंपण ओलांडून खाली गेला. चार वर्षांत पहिल्यांदा. झरा वाहत होता. डोण भरून पाणी अंगणभर पसरलं होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. घराला कुलूप होतं. खिडकीतून बापाची खुर्ची दिसत होती, तिच्यावर पांढरी चादर घातलेली.

हेविना समुद्राकाठी पोर्थकॉलला गेली होती. तिच्या नवऱ्याच्या चुलतबहिणीचं तिथे उतारूंना ठेवायचं घर होतं. तिथे स्वैपाकघरात ती कामाला लागली. जाताना वॉटकिनकडे निरोप ठेवला होता की हिरवं गवत वाया जाऊ नये, मायरिगला हवं तर त्यानं वापरावं.

सप्टेंबर लागता लागता पाऊस आला, आणि मग इतका पडला की लोक त्यालाही शिव्या द्यायला लागले. मायरिगनं कुंपण काढलं. एकट्यानं काढलं, तारा गुंडाळून, खांब उपटून. मग आपल्या मेंढ्या हाकत हिरव्या बाजूला नेल्या. त्या दिवसभर हावऱ्यासारख्या चरल्या, आणि ऊन कलल्याबरोबर एकामागून एक रांगेनं चढून तांबड्या बाजूला परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा खाली आणल्या. पुन्हा गेल्या. बापाच्या वेळी सहा आठवडे त्या खाली थांबायच्या, पण तेव्हा पहाऱ्याला तीन कुत्री असायची, आणि खाली राहणाऱ्या मेंढ्यांचा कळपही असायचा. आता ती बाजू आपली म्हणून ओळखणारी एकही मेंढी डोंगरावर उरली नव्हती. विकत आणून बघाव्या म्हणून त्यानं पुढच्या वर्षी थोड्या नव्या मेंढ्याही सोडल्या. त्या रस्त्यावर गेल्या, लोकांच्या बागांत गेल्या, एक कड्यावरून पडली. त्यानं त्या विकून टाकल्या.

या नव्या मेंढ्या आणण्याआधी, वसंतात, तो पोर्थकॉलला जाऊन आला. काइनवेननं मनुका घातलेला पाव करून दिला होता. हेविनानं त्याला स्वैपाकघरातच बसवलं, पाव कापला, लोणी लावलं, चहा ओतला. तिचे हात बरे झाले होते. तिनं काइनवेनची चौकशी केली. टोस हिवाळ्यात गेला हे ऐकून ती म्हणाली, चांगला कुत्रा होता. खिडकीतून समुद्र दिसत होता. मायरिग वाटेत बसमध्ये सगळं ठरवून आला होता, पण तोंडाशी आलं ते एवढंच.

"ते पाणी मी अडवलं होतं."

"माहीत आहे," हेविना म्हणाली. "पाहिलं ना मी."

"मग मागितलं का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर मी तिथल्या तिथे फोडला असता. देवाशपथ."

हेविनानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं.

"मी आले होते की, मायरिग," ती म्हणाली.

त्यानं कप बाजूला सारला. मग चाचरत म्हणाला की त्या दिवशी चॅपलमध्ये तो जे बोलला ते बोलायला नको होतं. ती म्हणाली, हो, नको होतं. मग त्यानं तिला परत ये म्हणून विनवलं. घर तसंच आहे, झरा वाहतोय, मेंढ्या मी घेऊन देतो. हेविना कपांवरचं पाणी पुसत होती. तिनं विचारलं, त्या मेंढ्यांना डोंगर कोण शिकवणार? पंजोबांच्या वेळेपासून आई कोकराला शिकवत आली होती, ते मीच तोडलं, तीन खेपांत. त्यामुळे मला अजून झोप लागत नाही, तुझ्या बोलण्यानं गेलेली केव्हाच परत आली. मग उतारूंच्या जेवणाची वेळ झाली आणि ती उठली. दारापर्यंत त्याला सोडायला आली, त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, आणि पावाबद्दल काइनवेनला आठवणीनं सांग म्हणाली.

यानंतर दोघं भांडले नाहीत. नाताळला एकमेकांना भेटकार्डं जात. भांडण मिटलं होतं, एवढं खरं. खालच्या घराचं छप्पर मायरिग दरवर्षी डागडुजी करून धरून ठेवायचा. हिरवी बाजू मात्र हळूहळू हातची गेली. मेंढीचं तोंड लागेना तसं गवत वाढून आडवं पडलं, मग नेचे पसरले, मग काटेरी झुडपं आली. वरून पाहिलं तर दोन दगडांमधली रेघ आता ओळखूही येत नसे.

हेविना एकदाच आली, बऱ्याच वर्षांनी, चॅपलच्या शताब्दीला. वरच्या घरी दोन दिवस राहिली. रविवारी तिघं एकाच बाकावर बसली आणि तिनं भावाच्या पुस्तकात बघून गीतं म्हटली. दुपारी ऊन छान पडलं होतं. मायरिग म्हणाला, चल, वर जाऊन येऊ, कड्यापर्यंत नाही तर घशापर्यंत तरी. हेविना खिडकीपाशी उभी होती. डोंगराकडे पाठ करून.

"गुडघे साथ देत नाहीत रे," ती म्हणाली. "तू जाऊन ये."

गावातल्या बसच्या थांब्यापासून वरच्या घरापर्यंतचा चढ ती आदल्या सकाळी हातात पिशवी घेऊन कुठेही न थांबता चढून आली होती. काइनवेननं मायरिगकडे पाहिलं. त्यानं काठी घेतली आणि मेंढ्या बघायला एकटाच वर गेला, आणि अंधार पडायच्या आत परतला, कारण तिला सोमवारची पहिली बस गाठायची होती आणि ती लवकर झोपणार होती.